जनाब काय म्हणतात?

परवा ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी अगदी रडकुंडीला आली होती. सकाळपासून लिहिलेला तिचा प्रोग्राम कंपायलर काही केल्या स्वीकारत नव्हता, आणि का स्वीकारत नाही हे पंचवीस ओळींत सांगत होता. त्या पंचवीस ओळींत तिला ओळखीचं वाटेल असं फक्त तिच्या फाइलचं नाव होतं. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हं, जनाब काय म्हणतात?"

मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुण्यातल्या ऑफिसात चाळिशी ओलांडलेली बाई असं काही बोलली की लोकांना जरा काळजीच वाटते. मी म्हटलं, "काही नाही गं, जुनी सवय." खरं तर ती सवय माझी नव्हती, नसीम आपांची होती. कंपायलरला, म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम आधी तपासणाऱ्या यंत्रणेला, त्या जनाब म्हणायच्या. संध्याकाळी घरी येईपर्यंत आपा डोक्यातून गेल्या नाहीत, म्हणून हे लिहायला बसले आहे.

शहराचं नाव तेव्हा अजून बदललेलं नव्हतं. नवऱ्याची बदली वाळूजला झाली आणि आम्ही पुण्याहून औरंगाबादला आलो. बीड बायपासला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. बिल्डरच्या माहितीपत्रकात पोहण्याच्या तलावाचं चित्र होतं. आम्ही राहायला गेलो ते नेमके दुष्काळाचे उन्हाळे. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता आणि आमच्या इमारतीला दिवसाआड टँकर लागत होता. तलाव मात्र बिल्डरने शब्दाला जागून बांधला. त्यात सोसायटीची मुलं क्रिकेट खेळायची.

मला नोकरी सिडको भागात मिळाली, अनिरुद्ध नावाच्या तरुणाच्या सॉफ्टवेअर कंपनीत. कंपनी म्हणजे दहा माणसं आणि एक जिना. खाली पाण्याच्या टाक्या विकण्याचं दुकान होतं. त्या वर्षी टाक्यांना एवढी मागणी होती की दुकानदाराने अर्धा जिना काळ्या टाक्यांनी भरून टाकला होता, आणि आम्ही रोज त्यांच्यामधून आडवं होऊन वर जायचो. अनिरुद्ध परदेशात शिकून आलेला. येताना इतर लोक चॉकलेटं आणतात, याने हॅस्केल नावाची प्रोग्रामिंगची भाषा डोक्यात भरून आणली. काय करायचं ते सगळं याच भाषेत, असा त्याचा हट्ट.

या जातीच्या भाषेची एक रीत असते. तुम्ही हाताळता त्या प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधी ठरलेला लागतो: हा आकडा, ही तारीख, हे गावाचं नाव. तारखेच्या जागी गावाचं नाव घातलंत तर प्रोग्राम सुरूच होत नाही. कंपायलर आधी सगळं वाचतो, कुठे काय जुळत नाही ते बघतो, आणि नकार देतो. नकार योग्यच असतो. पण तो ज्या शब्दांत देतो ते वाचून माणसाला आपण शिकलो कशाला असं वाटतं.

मी दहा वर्षं पुण्यात बँकांचे प्रोग्राम लिहून आलेली. तोरा होताच. पहिल्याच आठवड्यात चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला, आणि कंपायलरने मला त्याच्या चौपट लांबीचा एरर दिला. तास झाला, दोन तास झाले. शेवटी कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला, "वैशाली बेटा, लई वेळ झाला गं. जनाब काय म्हणतात?"

पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई. बारीक फुलांचा पंजाबी ड्रेस, डोक्यावर ओढणी, गळ्यात दोरीला अडकवलेले दोन चष्मे आणि हातात शाळेतली लाकडी फूटपट्टी. मला आधी वाटलं, या हिशेबनीस असाव्यात.

"कळत नाहीये काय म्हणतोय," मी म्हटलं.

"वाच ना मग. मोठ्यानं वाच."

मी वाचायला लागले. आपांनी पडद्याचा चष्मा चढवला, फूटपट्टी माझ्या कोऱ्या करकरीत मॉनिटरला टेकवली आणि एकेक ओळ झाकत, उघडत शेवटपर्यंत नेली. मग म्हणाल्या, "जनाब म्हणतात, ही चीज दाखवायची कशी ते मला ठाऊक नाय. आता सांग, तू दाखवायला काय दिलंस?"

"उत्तर दिलं."

"नाय दिलंस. उत्तर काढायचं फंक्शन दिलंस. त्याला आकडा द्यायचा राहिला. ताटात डाळ वाढायची तर तू कुकर उचलून ठेवलास, तो बी रिकामा. जनाब बिचारे ताटाकडं बघत बसले."

सगळं ऑफिस हसलं. आकडा दिला, प्रोग्राम चालला. माझा तोरा त्या दिवशी जिन्यातल्या टाक्यांमध्ये कुठेतरी पडला, तो मला पुन्हा सापडला नाही.

नसीम आपा तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवत होत्या. अनिरुद्ध दहावीला असताना त्यांच्याकडे शिकवणीला जायचा. कंपनी काढल्यावर त्याने त्यांना मराठी-उर्दू माहितीपुस्तिका तपासायला म्हणून बोलावलं. आपांनी महिनाभर पुस्तिका तपासल्या, मग त्यांचं लक्ष मुलांच्या पडद्यांवरच्या लाल ओळींकडे गेलं. प्रोग्राम त्यांनी फारसे कधी लिहिले नाहीत. पण कंपायलरचं बोलणं त्यांच्याइतकं शांतपणे ऐकून घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. सुनेच्या तक्रारी ऐकून मुलाला बाजूला घेणाऱ्या सासवा क्वचित असतात, आपा त्यांतल्या होत्या. त्या नेहमी कंपायलरची बाजू घ्यायच्या. "जनाब खोटं बोलत नाय," त्या म्हणायच्या, "त्यांना फक्त नीट बोलता येत नाय. तेवढं आपण समजून घ्यायचं."

त्यांच्या टेबलावर एक जाडजूड रजिस्टर असायचं. कुणालाही अवघड एरर आला की तो त्यात जसाच्या तसा, हाताने उतरवायचा. कॉपी-पेस्टच्या जमान्यात हे काय, असं मी एकदा विचारलं. "लिहिताना डोळे सगळ्या शब्दांवरून जातात," आपा म्हणाल्या. "वाचताना तुम्ही लोक उड्या मारता." एरर उतरवून झाला की खाली लिहायचं, "जनाब म्हणतात", आणि त्यापुढे साध्या मराठीत त्याचा अर्थ. अर्थ ज्याची चूक त्यानेच लिहायचा. आपा लाल पेनाने तपासायच्या. बरोबर असेल तर टिक. चुकला असेल तर नुसतं गोल वर्तुळ करून परत. बरोबर काय ते त्या कधीच लिहून द्यायच्या नाहीत. शाळेतही म्हणे त्यांनी तीस वर्षांत कुणाच्या वहीत स्वतःच्या हाताने उत्तर दुरुस्त केलं नव्हतं. "ज्याचं त्यानं लिहायचं," एवढंच.

रजिस्टरची दुसरी बाजू आपांची स्वतःची होती. ती उर्दूत, उलट्या टोकाकडून सुरू व्हायची. त्यात बहुधा एकच नोंद असे: नळाला पाणी कोणत्या दिवशी आलं. रोशन गेटजवळच्या त्यांच्या गल्लीत तेव्हा पाच दिवसांनी पाणी यायचं, कधी सहा. शेजारणीचा फोन आला की आपा हातातलं वाक्य तिथेच सोडून उठायच्या. समोर मालक बसला असला तरी. "अनिरुद्ध, पानी आया," म्हणून त्या टाक्यांच्या जिन्यातून झपाझप उतरायच्या आणि शेअर रिक्षा पकडायच्या. पाण्याच्या दिवशी आपा नसतात, हे आम्ही सगळ्यांनी सणाच्या सुट्टीसारखं मान्य केलं होतं.

अनिरुद्धची मात्र त्यांच्यापुढे पंचाईत व्हायची. त्याला चार ओळींचं काम एका ओळीत करण्याची हौस. आणि फंक्शनच्या डोक्यावर, हे काय घेतं आणि काय परत देतं, ते लिहायचा त्याला मनस्वी कंटाळा. भाषेत ते लिहिलंच पाहिजे असं नसतं. नाही लिहिलं तर कंपायलर आपलं आपण ताडतो. पण ताडताना त्याचा अंदाज आपल्या मनातल्यापेक्षा वेगळा झाला, तर भांडण सुरू होतं एका ओळीवर आणि आरडाओरडा ऐकू येतो दोनशे ओळी पुढे. आपा त्या वरच्या ओळीला कबूलनामा म्हणायच्या. कुणी एरर घेऊन गेलं की त्यांचा पहिला प्रश्न, "कबूलनामे कुठंयत?" नसतील तर त्या ऐकूनच घ्यायच्या नाहीत. "आधी कबूल करा काय देणार, मग भांडायला या."

एकदा अनिरुद्धचंच अडलं. त्याने प्रिंट काढून आपांपुढे ठेवली. आपांनी माणसांचा चष्मा घातला, म्हणजे कोड न बघता त्याच्याकडेच बघितलं.

"दहावीत बी हेच करायचास तू," त्या म्हणाल्या. "पायऱ्या गाळायचास. उत्तर बरोबर यायचं, अन् कसं आलं विचारलं की खिडकीबाहेर बघायचास."

अनिरुद्ध खिडकीबाहेर बघत होता. तेवढ्यात आपांनी चष्मा बदलून पानावर कबूलनामा नसलेल्या सात जागी लाल वर्तुळं केली. कंपनीचा मालक ते पान घेऊन आपल्या केबिनमध्ये गेला आणि त्याने सातही कबूलनामे लिहिले. तिसरा लिहिताना आतून त्याचा "अरे हो!" असा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

आपांची आणखी एक युक्ती होती. काय लिहायचं सुचत नसेल तर ती जागा रिकामी सोडायची, तिथे नुसती एक खालची रेघ द्यायची आणि कंपायलर चालवायचा. मग तोच सांगतो, या जागी अमुक प्रकारची गोष्ट पाहिजे. "अंदाजानं भरू नको," आपा म्हणायच्या. "जागा मोकळी ठेव अन् त्यांनाच विचार, इथं काय पायजे." ही युक्ती त्या ऑफिसाबाहेरही वापरायच्या. नळाची जोडणी त्यांच्या दिवंगत पतींच्या नावावर होती, ती स्वतःच्या नावावर करून घ्यायची होती. एका सरकारी खिडकीवरून त्यांचा अर्ज चारदा परत आला होता, दर वेळी 'अपूर्ण' असा शेरा मारून. पाचव्या वेळी मी बरोबर होते. आपांनी सातवा रकाना कोरा ठेवला आणि अर्ज खिडकीत सरकवला.

"बाई, हे भरलं नाही तुम्ही," कारकून म्हणाला.

"हौ. इथं काय पायजे?"

"ते तुम्ही भरायचं असतं."

"चार वेळा भरलं ना साहेब. घर नंबर लिहिला, मीटर नंबर लिहिला, नवऱ्याचं नाव लिहिलं, माझं लिहिलं. आता तुम्हीच सांगा, इथं कुठली चीज बसते. मी उभी हाय."

मागे रांग वाढली. कारकून उठून आत गेला. आतून आणखी दोघे आले. तिघांनी मिळून तो रकाना वाचला. बऱ्याच चर्चेनंतर असं निघालं की हा रकाना जुन्या अर्जातून चुकून नव्या अर्जात आलेला आहे आणि तिथे काय लिहायचं हे कुणालाच माहीत नाही. कारकुनाने स्वतःच्या पेनाने त्यावर आडवी रेघ मारली आणि अर्ज घेतला. बाहेर आल्यावर आपा मला म्हणाल्या, "वाईट नाय गं तो. त्याला बी कुणी विचारलं नव्हतं."

आता टँकरचं सांगायलाच हवं. ते सांगायचं म्हणूनच मी इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले असेन.

त्या उन्हाळ्यात सोयगावकडच्या काही वाड्यांच्या टँकरची रोजची यादी काढण्याचा प्रोग्राम आमच्याकडे आला. कोणत्या वाडीला किती पाणी लागतं ते लिटरमध्ये यायचं, त्यावरून टँकरच्या किती खेपा लागतील ते काढायचं, आणि यादी टँकरवाल्याच्या हातात जायची. टँकर दहा हजार लिटरचा. काम छोटं होतं, पण अनिरुद्धने ते आनंदाने घेतलं आणि आपांनी गंभीरपणे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की लिटर आणि खेप हे दोन वेगळे प्रकार करायचे, दोन्ही नुसते आकडे म्हणून वापरायचे नाहीत. "आकडा चुकला तर इथं पगार थांबत नाय, वैशाली," त्या म्हणाल्या. "तिथं एक घागर रिकामी राहती. मला ठाऊक हाय ते."

ते काम माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याहून माणसं प्रोग्राम बघायला यायची होती, आणि आदल्या दिवशी दुपारी चार वाजता एरर आला. एकतीस ओळींचा. दोनशे बाराव्या ओळीवर. लिटर पाहिजेत, खेप मिळाली, असं काहीसं, आणि भोवती जंगल. मी ओळ दोनशे बारा दहा वेळा वाचली. तिच्यात काही चूक नव्हती. रजिस्टरमध्ये एरर उतरवायला घेतला, आणि तो उतरवून होतो न होतो तोच आपांचा फोन वाजला. पाणी आलं होतं. त्या गेल्या.

मी काय केलं ते साधं आहे. खेपेच्या प्रकारातून आतला आकडा काढला आणि लिटरच्या प्रकारात भरला. एका डब्यावरचं लेबल काढून दुसरं लावावं तसं. कंपायलर गप्प झाला. प्रोग्राम चालला. जनाब काय म्हणतात ते मी लिहिलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हतं.

सकाळी आपा आल्या त्या दमलेल्या होत्या. पाणी अपुऱ्या दाबाने आलं होतं आणि त्यांनी सगळे ड्रम एकट्याने भरले होते. प्रत्येक बदल वाचून आपांनी सही करायची, अशी पद्धत होती. मी म्हटलं, "झालं आपा. जनाब गप्प आहेत." त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. न वाचता केलेली त्यांची ती एकमेव सही असेल.

दाखवायला ज्या वाड्या घेतल्या होत्या त्या लहान होत्या. प्रत्येकीला एकच खेप लागत होती, यादीतही एकच आली. सगळे खूश झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसातला फोन वाजला. यादीच्या तळाशी आमचा नंबर छापलेला असायचा. फोन आपांनी उचलला. पलीकडची बाई एवढ्या मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू येत होतं.

"मी वरच्या वाडीवरून गोदाबाई बोलते. तीन खेपा लागत्यात आमाला, समद्यास्नी ठावं हाय. दोन दिस झाले, एकच यायलीय. ड्रायव्हर म्हणतो यादीत एकच हाय. कोण लिवतंय वो ती यादी?"

आपा म्हणाल्या, "आम्ही लिहितो, बाई. आजच्या आज बघते." फोन ठेवून त्यांनी टँकरवाल्याला फोन लावला आणि वरच्या वाडीला उरलेल्या खेपा लगेच पाठवायला सांगितलं. मग माझ्या टेबलाशी आल्या. फूटपट्टी आणली नव्हती.

मी लेबल बदलल्याची ओळ त्यांनी काढायला लावली. एरर परत आला, तोच, दोनशे बारावर. मग त्या वर वर जात राहिल्या आणि चाळिसाव्या ओळीवर थांबल्या. तिथे माझं एक फंक्शन होतं, वाडीची गरज काढणारं. त्याला कबूलनामा नव्हता. घाईत राहिला होता. मी तो लिहिला: वाडी घेणार, लिटर देणार. कंपायलर चालवला. आता एरर चाळिसाव्या ओळीवर आला, आणि वाचता येण्याजोगा. तू लिटर देते म्हणालीस आणि खेप देते आहेस. तिथेच मी लिटरच्या खेपा करून टाकल्या होत्या. पुढे दोनशे बाराव्या ओळीवर त्या खेपांना लिटर समजून पुन्हा दहा हजाराने भागलं जात होतं. तीन खेपा म्हणजे तीन लिटर, आणि तीन लिटरला टँकरची खेप एकच. मोठी वाडी असो की लहान, प्रत्येकीला एक.

"बघ," आपा हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं होतं. तू त्यांचं तोंड दाबलंस."

एवढंच. याहून कठोर बोललेलं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. मला वाटलं होतं त्या ओरडतील; ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या वरच्या वाडीला गेल्या. जायला कुणी सांगितलं नव्हतं. मी बरोबर गेले. टँकर विहिरीत रिकामा होत होता, बायका घागरी घेऊन उभ्या होत्या, आणि गोदाबाई आमची वाटच बघत होत्या. फोनवर वाटल्या त्यापेक्षा त्या चणीने बारीक होत्या.

"तुमी शिकल्या-सवरल्या बाया," त्या म्हणाल्या. "मशीन हाय म्हणं तुमच्याकडं. त्या मशीनला कळलं न्हाई व्हय?"

"कळलं होतं," आपा म्हणाल्या. "त्यानं सांगितलं बी. कागदावर सही माझी हाय, बाई. मी वाचलं नाय. चूक माझी."

मी त्यांच्या शेजारी उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं: "नाही, चूक माझी." ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी घागरींकडे बघत राहिले. गोदाबाईंनी आपांना निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "बरं, आलात तरी. चहा घ्या." आपांनी अर्धा कप घेतला. एरवी अगदी गोड चहा पिणारी बाई, पण त्यांनी साखर मागितली नाही.

परत आल्यावर अनिरुद्धलाही त्यांनी तेच सांगितलं, सही माझी आहे.  तो पुन्हा खिडकीबाहेर बघत होता. मी तिथेही गप्प राहिले. यादी त्या दिवसापासून बरोबर निघू लागली आणि उन्हाळाभर बिनचूक चालली. पण आपांनी तपासणीची सही करणं सोडलं. एरर ऐकायच्या, समजावायच्या, वर्तुळं काढायच्या, पण सहीचा कागद पुढे आला की म्हणायच्या, "दुसऱ्या कुणाला तरी दे. माझा माझ्यावर भरोसा नाय राहिला." आम्ही ते थट्टेवारी नेलं. मला ठाऊक होतं की त्या थट्टा करत नव्हत्या, आणि त्यांचा भरोसा कुणी घालवला तेही ठाऊक होतं. तरी मी दोन वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून काहीच बोलले नाही. आज सांगायला लाज वाटते.

मग पाऊस झाला, जायकवाडी भरलं, शहर बिडकीनच्या अंगाला पसरलं, जालना रोडवर नवी दुकानं आली आणि अनिरुद्धची कंपनीही मोठ्या इमारतीत गेली. तिथे लिफ्ट होती. आपांनी ती जागा एकदा बघितली, छान आहे म्हणाल्या, आणि घरी बसल्या. डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं.

आमची पुण्याला परत बदली झाली तेव्हा मी त्यांचा निरोप घ्यायला रोशन गेटला गेले. ती आमची शेवटची भेट. अंगणात ड्रम ओळीने मांडलेले होते. धरण भरलेलं होतं, तरी नळ काही बदलला नव्हता. आपांना त्याचं नवल वाटत नव्हतं. "पाणी हाय आता," त्या म्हणाल्या, "पण पाइप जुना हाय. त्याला कोण विचारतंय."

खाणंपिणं झालं. मी उठायला लागले तेव्हा आपांनी फळीवरून रजिस्टर काढलं. ऑफिस सोडताना त्यांनी ते बरोबर आणलं होतं.

"तुझं एक पान राहिलंय."

त्यांनी न चाचपडता पान उघडलं. वर माझ्या अक्षरात एकतीस ओळी होत्या. खाली आपांच्या अक्षरात, 'जनाब म्हणतात', आणि पुढे कोरं. मागची-पुढची सगळी पानं भरलेली, टिक केलेली. हे एकच रिकामं.

"इथं काय पायजे?" आपांनी विचारलं. नेमक्या त्याच सुरात, त्या खिडकीवर विचारलं होतं तसं.

इतक्यात नळ घरघरला. आपा पेन माझ्यापुढे ठेवून अंगणात गेल्या. मी ते उचललं. मग लिहिलं: 'वाडीने मागितलं ते अजून लिटरच आहे, की त्याच्या खेपा आधीच झाल्या आहेत? एकदा बघून घ्या. हे त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी होती, आपांची नव्हती. मी ते वाडीवर बोलले नाही, ऑफिसातही बोलले नाही.'

आपा हात पुसत आल्या. आधी माणसांचा चष्मा घातला, तो काढून दुसरा घातला, आणि रजिस्टर डोळ्यांशी धरून एकेक शब्द वाचला. मग लाल पेन उघडलं. मी वर्तुळाची वाट बघत होते.

त्यांनी वर्तुळ केलं नाही. 'मी ऐकलं नाही' यातला 'मी' स्वतःच्या हाताने खोडला आणि वर लिहिलं, 'आपण दोघींनी'. पुढच्या ओळीतलं 'आपांची नव्हती' हेही खोडलं. मग खाली मोठी टिक केली, आणि तिच्या शेजारी, इतक्या दिवसांनी, सही.

"आता बरोबर हाय," त्या म्हणाल्या. रजिस्टर मिटून फळीवर ठेवलं. मी डोळे पुसायला लागले तसा आपांनी विषयच बदलला.

"रडू नको, पाणी जाईल. चल, त्या मोठ्या ड्रमला हात लाव."

ड्रम जड होता. आम्ही दोघींनी मिळून तो नळाखाली सरकवला.